ग्लासगोचे अलीसाहेब, टोमॅटो सूपचा डबा आणि चिकन टिक्का मसाला

पळीवाढी (धागाकर्ता)

अली अहमद अस्लम डिसेंबर २०२२ मध्ये वयाच्या ७७व्या वर्षी गेले. लहानपणी पंजाबातून घरच्यांबरोबर स्कॉटलंडला आले आणि १९६४ साली ग्लासगोच्या वेस्ट एंडला 'शीश महल' काढलं. पाच मुलांचा बाप. रोज दुपारचं जेवण स्वतःच्याच हॉटेलात. गावात 'मिस्टर अली' एवढीच ओळख पुरायची. ते गेले तेव्हा शीश महल ४८ तास बंद ठेवलं होतं. जगभरच्या बातम्यांनी मात्र एकच ओळ उचलली, चिकन टिक्का मसाल्याचा जनक गेला.

त्यांच्या मुलाने सांगितलेली हकिगत बहुतेकांना माहीत असेल. सत्तरच्या दशकातली पावसाळी रात्र, पाळी संपवून आलेला बस ड्रायव्हर, चिकन कोरडं आहे म्हणून ताट परत आत. अलीसाहेबांना अल्सर होता, ते टोमॅटो सूप घेत बसले होते. म्हणाले, हेच थोडे मसाले घालून ओता की त्यावर. ड्रायव्हर खूश आणि पदार्थ मेनूत.

शोध कुणाचा यावर वाद होणारच, तो रोखणारा मी कोण. पण प्रश्न स्वयंपाकघरातला आहे. डब्यातल्या सूपने ही ग्रेव्ही खरोखर जमते का? जमत असेल तर का जमते आणि प्रमाण काय? 'अंदाजे घाला' असं लिहिणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावे.

नुसताच_वाचक

अल्सरवाल्या माणसाला टोमॅटो सूप कुणी दिलं? आधी त्याची चौकशी व्हावी.

रसायनी

@नुसताच_वाचक, तेव्हा अल्सरचं पथ्य म्हणजे दूध, साय आणि मऊ अन्न. अल्सर घडवणाऱ्या हेलिकोबॅक्टर जिवाणूचा उलगडा १९८२ नंतरचा. 'क्रीम ऑफ टोमॅटो' नावात क्रीम आहे म्हणून पथ्यात बसलं असेल, काय सांगावं.

आता मूळ प्रश्न. सूप चालतं, आणि त्याला कारण आहे. ब्रिटनमधल्या क्रीम ऑफ टोमॅटोच्या डब्यामागचे घटक वाचा. टोमॅटो, तेल, साखर, मॉडिफाइड कॉर्नफ्लोअर, दुधाची पावडर किंवा साय, मीठ. मखनी जातीच्या कुठल्याही ग्रेव्हीला आंबट, गोड, स्निग्ध आणि दाटपणा या चार गोष्टी लागतात. चारही एका डब्यात, वर आधीच शिजलेल्या. टोमॅटोचा कच्चा वास जायला एरवी वीस-पंचवीस मिनिटं परतावं लागतं, तीही वाचली. ताट परत आलेलं असताना हाताशी तेवढाच वेळ असतो.

कॉर्नफ्लोअरचं काम सर्वांत मोठं. दही किंवा पातळ साय आंबट रसात उकळली की त्यातलं प्रथिन गोळा होऊन दाणे पडतात. स्टार्च असला तर प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. कढीला आपण बेसन लावतो ते याच कारणाने.

झणझणीत_कोल्हापूर

म्हणजे सूपवर चिकन ठेवून खातात आणि त्याला ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ म्हणतात. असो. चालू द्या.

क्लाइडकाठी

कोल्हापूरकर आले, धाग्याला आता मान्यता मिळाली.

@पळीवाढी, हकिगत दोन आहेत आणि दोन्ही घरातूनच आलेल्या आहेत. २००९ मध्ये खुद्द अलीसाहेबांनी एका वृत्तसंस्थेला सांगितलं ते साधं होतं. आम्ही चिकन टिक्का करायचो, एक गिऱ्हाईक म्हणालं हे कोरडं आहे, थोडा सॉस द्या, मग आम्ही दही, साय आणि मसाल्यांच्या सॉसमध्ये टिक्का शिजवायला लागलो. गिऱ्हाइकांना तिखट सोसत नाही म्हणून दही आणि साय, हेही त्यांनीच सांगितलं. त्यात बस ड्रायव्हर नाही, सूप नाही, अल्सर नाही. ते सगळं मुलाच्या सांगण्यात येतं. शिवाय मुलाच्या गोष्टीत ड्रायव्हरने 'चिकन करी' मागवली होती आणि ती कोरडी निघाली. करी कोरडी कशी निघेल? टिक्काच असणार.

मुलगा खोटं बोलतो असं म्हणायचं नाही. बापाने एका वाक्यात उरकलेली गोष्ट मुलं सांगताना तिला पाऊस आणि पात्रं मिळतात, एवढंच.

तंदूरभट्टी

टिक्का कोरडा का होतो हे आधी बघू, म्हणजे सॉस का लागला ते कळेल.

तंदूरच्या भिंती ४०० अंशांच्या पुढे जातात. पाव किलोच्या आतली सळई सात-आठ मिनिटांत होते. पण गर्दीच्या हॉटेलात ऑर्डर आल्यावर कच्चा टिक्का लावत बसत नाहीत. दुपारी ७०-८० टक्के भाजतात, गार करून फ्रीजमध्ये ठेवतात, रात्री पुन्हा गरम करतात. छातीचं मांस ६५ अंशांपर्यंत रसाळ असतं, ७५ च्या वर तंतू आवळत जातात आणि पाणी बाहेर येतं. दोनदा गरम झालं की ते गेलंच.

त्यात स्कॉटलंडचा अन्नस्वच्छतेचा नियम असा की पुन्हा गरम केलेलं अन्न आतून ८२ अंशांपर्यंत गेलं पाहिजे. इंग्लंडच्या नियमात हा आकडा नाही. ८२ अंशांना छातीचा तुकडा नुसता वाढून बघा. त्या रात्री नेमकं काय झालं ते सोडा, पण ग्लासगोत टिक्क्याला रस्सा लागणं अगदी तर्काला धरून आहे.

घरी करायचा तर ५०० ग्रॅम बोनलेस, ४ सेंमीचे तुकडे. लहान कापू नका. पहिला हात: १ छोटा चमचा मीठ, १ मोठा चमचा लिंबूरस, २० मिनिटं. सुटलेलं पाणी टाकून द्या. दुसरा हात: १०० ग्रॅम टांगलेलं दही, २ मोठे चमचे मोहरीचं तेल (धूर येईपर्यंत तापवून गार केलेलं), १ मोठा चमचा आलं-लसूण, २ छोटे चमचे काश्मिरी तिखट, १ छोटा चमचा धणेपूड, अर्धा जिरेपूड, १ मोठा चमचा कोरडं भाजलेलं बेसन. चार ते सहा तास पुरे. रात्रभर ठेवला तर आंबटाने वरचा थर खडूसारखा भुसभुशीत होतो.

ओव्हनचं ग्रिल २५० अंशांवर, तुकडे जाळीवर, खाली पाण्याचा ट्रे. १० ते १२ मिनिटं, मध्ये एकदा पलटा. कडा काळ्या झाल्या पाहिजेत. ग्रेव्हीत घालणार असाल तर आतून ६८-७० अंशांना काढा, उरलेलं ग्रेव्हीत शिजतं. पण मग लगेच ग्रेव्हीत घाला आणि ७४ पर्यंत न्या, तासभर ओट्यावर ठेवून नको.

अर्धा_कप

बेसन कशाला ते लिहायचं राहिलं. मॅरिनेड तुकड्याला धरून राहावं म्हणून. न टांगलेलं दही वापरलं की ट्रेमध्ये तळं होतं, तुकडे भाजण्याऐवजी उकडतात आणि काळ्या कडा येत नाहीत. ओव्हन नसेल तर बिडाचा तवा कडक तापवून चार-चारच तुकडे टाका. गर्दी केली की परत तळं.

दिल्लीवाला_देशपांडे

श्रेयाचा वाद निघालाच आहे तर. दिल्लीच्या मोतीमहलच्या कुंदनलाल गुजराल यांचं बटर चिकन कितीतरी आधीचं. तेही फाळणीत पेशावरहून आलेले. उरलेली तंदुरी कोंबडी कोरडी पडू नये म्हणून टोमॅटो-लोण्याच्या ग्रेव्हीत घालायची, ही तीच युक्ती. आणि त्या श्रेयावरून दोन हॉटेलं २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ग्लासगोने उगाच मिरवू नये.

क्लाइडकाठी

मिरवायचा प्रयत्न झालाय. २००९ मध्ये तिथले खासदार मोहम्मद सरवर यांनी संसदेत प्रस्ताव मांडला की पैठणीला जसं भौगोलिक मानांकन आहे तसं 'ग्लासगो चिकन टिक्का मसाला'ला युरोपात मिळावं. पुढे काही झालं नाही. सरवर नंतर पाकिस्तानात जाऊन पंजाबचे राज्यपाल झाले, तेही दोनदा.

रसायनी

@दिल्लीवाला_देशपांडे, युक्ती तीच पण पदार्थ दोन. मखनीचा पाया टोमॅटो, लोणी आणि साय, कांदा जवळजवळ नाही, शेवटी कसुरी मेथी, कोंबडी हाडासकट. विलायती टिक्का मसाल्याचा पाया कांद्याचा, धणे आणि हळद कळण्याइतकी, तुकडे बोनलेस. बहुतेक ठिकाणी नारळाची किंवा बदामाची पूड आणि साखर. एकाच बशीत शेजारी ठेवले तर डोळे मिटून ओळखता येतात.

मुंबईचा_बल्लव

अशा शोधांची जात एकच. आपल्याकडे नेल्सन वांग. कोलकात्याच्या चिनी समाजातला माणूस, मुंबईच्या क्रिकेट क्लबात १९७५ च्या सुमारास काहीतरी वेगळं द्या म्हटल्यावर आलं, लसूण, हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि चिकन मांचुरियन झालं. कॅनडात ग्रीसहून आलेल्या सॅम पानोपुलोस यांनी १९६२ मध्ये पिझ्झ्यावर अननसाचे तुकडे टाकले. परक्या गावात हॉटेल चालवणाऱ्याला गिऱ्हाईक परत पाठवणं परवडत नाही, मग हातात येईल ते पडतं.

नुसताच_वाचक

अननसवाल्याला मात्र माफी नाही.

झणझणीत_कोल्हापूर

प्रथमच @नुसताच_वाचक यांच्याशी सहमत.

बेसग्रेव्ही

सूपची गोष्ट कितीही रंगवा, आज ब्रिटनमधली बहुतेक करी हाउसेस सूप ओतत नाहीत. तिथे सगळं 'बेस ग्रेव्ही'वर चालतं. माहीत नसेल तर घरी तशी चव का येत नाही हे कधीच कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पाच-सहा जणांचा बेस: १ किलो कांदे जाड चिरून, १ गाजर, अर्धी ढोबळी मिरची, ३० ग्रॅम लसूण, २० ग्रॅम आलं, २०० ग्रॅम डब्यातले टोमॅटो, १०० मिली तेल, १ लिटर पाणी, १ छोटा चमचा मीठ. झाकून ४५ मिनिटं, कांदा बोटाने चिरडला पाहिजे. मग १ छोटा चमचा हळद, १ मोठा चमचा धणेपूड, १ मोठा चमचा जिरेपूड, आणखी १५ मिनिटं. पूर्ण गुळगुळीत वाटा, पुन्हा मंद आचेवर तेल वर येईपर्यंत ठेवा. शेवटी पाण्याने सारखं करून साधारण २ लिटर करा, दुधापेक्षा किंचित दाट. इथेच लोक चुकतात, दाट ठेवतात. पातळ बेस मोठ्या आचेवर आटताना जी चव येते ती दाट बेसला येत नाही, तो नुसता लागतो.

एका माणसाची करी ॲल्युमिनियमच्या पॅनमध्ये सात-आठ मिनिटांत. ३ मोठे चमचे तेल, १ छोटा चमचा आलं-लसूण, ३० सेकंद. २ छोटे चमचे 'मिक्स पावडर' (करी पावडर, धणे, जिरे, हळद, पॅप्रिका मिसळून) आणि त्यावर लगेच पळीभर बेस, नाहीतर मसाला जळून कडू. १ मोठा चमचा टोमॅटो प्युरी दुप्पट पाण्यात कालवून. मग गरम बेस तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण १०० मिली, मोठी आच, हलवायचं नाही. कडेला चिकटून तपकिरी होतं ते खरवडून आत ओढायचं. सगळी चव तिथे आहे. टिक्का मसाल्यासाठी यात १ मोठा चमचा बदामपूड किंवा नारळपूड, १ ते २ छोटे चमचे साखर, शेवटी टिक्क्याचे तुकडे आणि ५० मिली क्रीम.

अर्धा_कप

बेस थंड घातला तर?

बेसग्रेव्ही

पॅनचं तापमान पडतं, कडा तपकिरी होत नाहीत, कांदा उकडल्याचा वास राहतो. शेजारच्या शेगडीवर उकळत ठेवायचा.

कोकणकडा

अवांतर आहे पण लिहितो. ब्रिटनमधली करी हाउसेस म्हणजे सिल्हेटी बांगलादेशी असं सरसकट म्हटलं जातं. इंग्लंडपुरतं बऱ्याच अंशी बरोबर, ग्लासगोत पंजाबी पाकिस्तानींचा जोर. सिल्हेटींची सुरुवात जहाजांवरच्या खलाशांपासून. ब्रिटिश बोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशीही भरपूर होते. जहाजावरून उतरून ते खानावळी काढत बसले असते तर आज ग्लासगोत सागुती मसाला गाजला असता.

झणझणीत_कोल्हापूर

आता कसं बोललात. धागा इथेच थांबवा.

मी_शाकाहारी

पनीर घालून चालेल का?

तंदूरभट्टी

चालेल, पण वरचं मॅरिनेड जसंच्या तसं नको. लिंबू-मिठाचा पहिला हात गाळा, पनीरला उपयोग नाही. अर्धा तास पुरे. ग्रिल ५-६ मिनिटं, फक्त कडांना रंग. ग्रेव्हीत शेवटची दोन मिनिटं, जास्त उकळलं की चिवट होतं.

लालभडक

रंगाचं कुणीच काढलं नाही. मेनूच्या फोटोतला तो शेंदरी लाल रंग काश्मिरी तिखटाचा नव्हे, टारट्राझिन, सनसेट यलो आणि पॉन्सो ४आर या कृत्रिम खाद्यरंगांचा. २००४ मध्ये इंग्लंडातल्या सरी परगण्यात टिक्का मसाल्याचे नमुने तपासले तेव्हा निम्म्याहून जास्त हॉटेलांत रंग मर्यादेबाहेर होते. २०१० पासून युरोपात या रंगांच्या वेष्टनावर मुलांच्या चंचलपणाबद्दल इशारा छापावा लागतो. आपल्याकडे कर्नाटकाने जून २०२४ मध्ये कबाबातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली.

घरी रंग हवा असेल तर काश्मिरी तिखट तेलात घाला, पाण्यात नको. त्याचा रंग तेलात उतरतो. आच मंद, १५-२० सेकंद, पुढे तपकिरी होतो. बेडगीही चालेल. संकेश्वरी वापराल तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.

पळीवाढी

उत्तम माहिती, पण सूपचा डबा अजून बंदच आहे. कुणी उघडेल का?

रसायनी

उघडतो. ५०० ग्रॅम टिक्क्यासाठी (@तंदूरभट्टी यांच्या प्रमाणाने), चार माणसं.

३ मोठे चमचे तेल, १ मोठा कांदा किसून, मध्यम आचेवर १०-१२ मिनिटं, फिकट तपकिरी. १ मोठा चमचा आलं-लसूण, १ मिनिट. १ छोटा चमचा धणेपूड, अर्धा जिरे, १ काश्मिरी तिखट, पाव हळद, हे सगळं २ मोठे चमचे पाण्यात कालवून घाला म्हणजे जळत नाही. तेल सुटलं की कंडेन्स्ड टोमॅटो सूपचा एक डबा (२९५ ग्रॅम) आणि त्याच डब्याने अर्धा डबा पाणी. मंद आचेवर ८ मिनिटं, तळ सतत खरवडत, कारण सूपमधली साखर खाली बसून करपते. आच बंद, २ मोठे चमचे फेटलेलं दही, मग ७५ मिली क्रीम. पुन्हा मंद आच, टिक्का त्यातल्या रसासकट, ३-४ मिनिटं. पाव चमचा गरम मसाला.

साखर अजिबात घालू नका, डब्यात आहे. मीठ सर्वांत शेवटी चाखून. लिंबू पिळायचा मोह आवरा.

कंडेन्स्ड नसेल आणि ४०० ग्रॅमचं साधं क्रीम ऑफ टोमॅटो असेल तर पाणी शून्य, क्रीम निम्मं, आणि सूप दोन-तीन मिनिटं जास्त आटवा.

दिल्लीवाला_देशपांडे

भारतात कंडेन्स्ड डबा दर दुकानात मिळत नाही. पाकिटातली सूप पावडर?

रसायनी

पाकिटावर लिहिलेल्या पाण्याच्या निम्म्या पाण्यात, थंड पाण्यातच गुठळ्या मोडून मग घाला. पण मीठ फार असतं, टिक्क्यातलं मीठ अर्धं करा, आणि पाकिटात टोमॅटो कमी, पीठच जास्त. त्यापेक्षा टेट्रापॅकची २०० ग्रॅम टोमॅटो प्युरी, २ छोटे चमचे साखर, २ छोटे चमचे कॉर्नफ्लोअर १०० मिली दुधात कालवून. प्युरी आधी १० मिनिटं परता, दूध-कॉर्नफ्लोअर नंतर. हेच ते सूप, फक्त डबा नाही.

अर्धा_कप

क्रीमचं लिहून ठेवते, इथे गोंधळ होतो. ब्रिटनमधलं सिंगल क्रीम १८ टक्के स्निग्ध, डबल ४८. आपल्याकडचं टेट्रापॅकचं फ्रेश क्रीम साधारण २५. सिंगल आंबट ग्रेव्हीत उकळलं की फाटतं, डबल फाटत नाही. आपलं मधलं आहे, म्हणून आच मंद करून घाला आणि नंतर खळखळून उकळू नका. फाटलंच तर १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाला आणि ब्लेंडर फिरवा, टिक्का घालायच्या आधी.

मुंबईचा_बल्लव

एक राहिलं. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी २००१ च्या भाषणात याला खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हटलं. टिक्का भारतीय, मसाला सॉस ब्रिटिशांच्या ग्रेव्हीच्या आवडीखातर, अशी त्यांची मांडणी होती. कुकही स्कॉटिशच. ते भाषण राजकारण्यांनी आजतागायत वापरलं, अलीसाहेबांचं नाव त्यात कुठे नाही.

क्लाइडकाठी

आणि स्वतः अलीसाहेब टिक्का मसाला क्वचितच खात असावेत. ते गेल्यावर त्यांच्या पुतण्याने सांगितलं की आचारी त्यांच्यासाठी साधी करी करायचे.

झणझणीत_कोल्हापूर

माणूस शहाणा होता हो.

मी_शाकाहारी

@रसायनी, डबल प्रमाणात करून फ्रीझ करता येईल का? पनीरवाली.

रसायनी

ग्रेव्ही करता येईल, दही-क्रीम घालायच्या आधीपर्यंतची. सपाट डब्यात, दोन महिने. कॉर्नफ्लोअरची ग्रेव्ही वितळताना पाणी सोडते, गरम करताना फेटली की बरीचशी जुळून येते. पनीर मात्र ताजं घाला.